वाघबारस, कणसरी आणि कालामांची कसोटी

आश्विन वद्य द्वादशीला महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत वसुबारस साजरी होते. वासरासह गायीची पूजा करून दिवाळीचा आरंभ केला जातो. त्याच तिथीला सुरगाणा, पेठ आणि डांगच्या सीमेलगतच्या गावांत वाघबारस असते. गावाच्या शिवेवर लाकडी फळीवर अथवा शिळेवर कोरलेला वाघदेव उभा असतो. त्याच्या जोडीला सूर्य, चंद्र आणि नाग कोरलेले असतात. गुराखी घरोघर फिरून धान्य गोळा करतात, ते शिवेवरच शिजवतात, वाघदेवाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात किंवा कोंबडा देतात. पोरांपैकी कोणी वाघ होतो, कोणी अस्वल, कोणी कोल्हा. पळापळ होते, हसणे-खिदळणे होते आणि मग सारे जण तिथेच बसून जेवतात.

एकाच दिवशी एका समाजाने गायीला ओवाळावे आणि दुसऱ्याने तिला खाणाऱ्या जनावरापुढे हात जोडावेत, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. वाघदेवाला पूजणारा समाजही गुरे पाळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हे वैचित्र्य अधिकच जाणवते. ज्याच्या दावणीची गाय वाघाने नेली, तोच त्याच्यापुढे नारळ ठेवतो. मात्र तो काय मागतो, हे नीट पाहिले पाहिजे. वाघ मरो, रानातून नाहीसा होवो, अशी मागणी तिथे कोणी करीत नाही. आमची गुरे राख, आम्ही तुझी शीव राखू, एवढाच त्या प्रार्थनेचा आशय असतो. शत्रूच्या अस्तित्वाचा हक्क मान्य करून त्याच्याशी केलेला हा करार आहे. तो कागदावर नाही, शिळेवर आहे. आणि दर वर्षी गुराख्यांच्या पंगतीत त्याचे नूतनीकरण होते.

ज्यांना आपण 'पुराणकथा', 'दैवतकथा' अथवा नुसत्या 'जुन्या गोष्टी' म्हणतो, त्या समाजाचा आरसा असतात, असे विधान आपण शालेय निबंधांतून वारंवार वाचतो. मला ते अपुरे वाटते. आरशासमोर जे आहे तेच त्यात दिसते. कथा त्याहून पुढे जाते. समाज कसा आहे यापेक्षा त्याने कसे वागायचे ठरवले आहे, कशाची लाज बाळगायची आणि कशाला हात लावायचा नाही, हे ती सांगते. सुरगाणा तालुक्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांच्या लिखित स्मृती नाहीत, धर्मशास्त्रे नाहीत, आज्ञापत्रे नाहीत. त्यांचे नीतिशास्त्र त्यांच्या कथांत, गीतांत आणि सणांच्या निर्बंधांत आहे. आपल्या विद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी याच घरांतून येतात. म्हणून या कथांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न बौद्ध विचाराने चालणाऱ्या निवासी शाळेला टाळता येण्यासारखा नाही.

सुशिक्षित माणूस या कथांकडे साधारणतः दोन प्रकारे पाहतो. एक तर त्यांना अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकतो. नाही तर स्नेहसंमेलनात पावरीच्या तालावर नाच बसवून, भिंतीवर पांढऱ्या रंगाची चित्रे काढून, आपण संस्कृती जतन केली असे समाधान मानतो. पहिल्यात तिरस्कार असतो आणि दुसऱ्यात कौतुक, परंतु कथा काय म्हणते ते ऐकण्याचे कष्ट दोहोंतही घेतलेले नसतात. आश्चर्य असे की वाघबारशीच्या शिळेचा अर्थ समजून घेण्याची एक किल्ली आपल्याच, म्हणजे पाली, परंपरेत ठेवलेली आहे.

पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. त्यांतील २७२ व्या कथेचे नाव 'व्यग्घ जातक', म्हणजे वाघाचे जातक. एका अरण्यात दोन वृक्षदेवता राहत असत. त्याच अरण्यात एक सिंह आणि एक वाघ होता. त्यांच्या भयाने कोणी माणूस तिथे पाऊल टाकीत नसे, मग झाड तोडण्याची गोष्टच दूर. परंतु सिंह आणि वाघ शिकार करून उरलेले मांस तसेच टाकून देत, आणि त्याच्या कुजण्याने सर्वत्र दुर्गंधी सुटे. एका देवतेला ते सहन होईना. या दोघांना हाकलून देऊ या, असे ती म्हणाली. दुसरी देवता शहाणी होती. यांच्यामुळेच आपली घरे सुरक्षित आहेत, असे तिने समजावले. पहिलीने ऐकले नाही. तिने भयंकर रूप घेऊन सिंह-वाघांना पळवून लावले. काही दिवसांतच जवळच्या गावातील लोकांच्या लक्षात आले की आता रानात वाघाचा माग दिसत नाही. त्यांनी एका बाजूने कुऱ्हाड चालवली. घाबरलेली देवता दुसऱ्या वनात जाऊन सिंह-वाघांची विनवणी करू लागली, परंतु ते परतले नाहीत. थोड्याच दिवसांत सारे अरण्य तुटले आणि तिथे शेते झाली.

दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गंगेच्या खोऱ्यात जी गोष्ट सांगितली जात होती आणि सह्याद्रीच्या या घाटमाथ्यावर जी शिळा उभी राहिली, त्यांचा परस्परांशी संबंध असल्याचा कोणताही पुरावा माझ्याजवळ नाही, आणि तसा तो जोडण्याचा माझा उद्देशही नाही. रानाच्या कडेला राहणारी माणसे स्वतंत्रपणे एकाच अनुभवापाशी पोहोचली असतील. वाघ राहिला तर रान राहते. सुरगाण्याच्या पुढच्या पिढ्यांनी हा अनुभव उलट बाजूने घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज सरकारने शेजारच्या डांगमधील राजांकडून सागवानाच्या रानांचे पट्टे घेतले, आणि पुढची शंभर वर्षे या साऱ्या पट्ट्यातील लाकूड बाहेर जात राहिले. आज आपल्या रानात बिबट्या आहे. पट्टेरी वाघ शिळेवर उरला आहे. जातकातील कथेचा उत्तरार्ध असा इथल्या डोंगरांवर घडून गेला, आणि वाघबारस मात्र चालू राहिली.

अन्नाविषयीच्या कथांतही हाच संयमाचा धागा आहे, आणि माझ्या मते तो अधिक खोल आहे. कणसरी ही धान्याची माता. कणसात राहते ती कणसरी. धरतरी ही भूमी, गावतरी ही गाय आणि कणसरी हे धान्य, या वारली व कोकणा समाजांच्या जगण्याच्या तीन माता आहेत. कणसरीच्या कथेची रूपे गावोगावी बदलतात, कथेकऱ्यागणिकही बदलतात. गाभा मात्र सर्वत्र ओळखता येतो. मान राखला तर ती घरात राहते. अनादर झाला की निघून जाते आणि मागे दुष्काळ ठेवते. धान्य हा विकत घेतलेला माल नसून घरी आलेली पाहुणी आहे, अशी ही धारणा. म्हणूनच खळ्यात पायताण घालून जायचे नाही, म्हणूनच नवे धान्य आधी पूजेला आणि मग तोंडाला.

या कथा थाळीवर सांगितल्या जातात. पितळेच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक काडी उभी चिकटवतात. तिच्यावरून बोटे ओढली की घुमणारा, संपतच नाही असा वाटणारा नाद निघतो. त्या नादावर कथेकरी गातो आणि साथीदार ओळ उचलतो. रात्र सरते, कथा सरत नाही. याच थाळीवर कोकणा समाजाची स्वतःची रामकथाही सांगितली जाते.

आषाढात 'तेरा' नावाचा सण येतो. तेरा म्हणजे रानात उगवणारे अळूच्या जातीचे पान. पावसाच्या पहिल्या सरींनंतर ते जमिनीतून वर येते, परंतु सण होईपर्यंत ते खुडायचे नाही, हा नियम. त्या वेळी घरातले धान्य संपत आलेले असते, पोट रिकामे असते आणि पान समोर वाढत असते. अशा वेळी हात आवरायचा! भरल्या घरातल्या उपवासाहून हे कितीतरी कठीण आहे. कोवळ्या पानाला वाढू द्यावे, कंदात बळ येऊ द्यावे, आणि ज्याला आधी दिसले त्याने सारे ओरबाडून नेऊ नये, असा त्यामागचा विचार असावा असे मला वाटते. पुढे भात-नागली तयार झाल्यावर 'नवे' खाण्याच्या विधीतही तोच संकेत पुन्हा येतो. निसर्गशास्त्राच्या पुस्तकात आज यालाच आपण संसाधनांचा शाश्वत वापर म्हणतो आणि त्यावर गुण देतो.

मार्गशीर्षातील डोंगऱ्या देवाच्या उत्सवाचेही तसेच. त्यात सहभागी होणाऱ्यांना 'माऊल्या' म्हणतात. ते त्या दिवसांत अनवाणी राहतात, ब्रह्मचर्य पाळतात, पावरीच्या सुरावर गावोगाव फिरून धान्य मागतात आणि पौर्णिमेच्या रात्री डोंगरातील गुहेपाशी जातात. दुधी भोपळा आणि बांबू यांची पावरी एरवी खुंटीवर असते. ज्याच्या घरी चार पायल्या धान्य आहे त्यानेही त्या काळात हात पसरायचा, यातील समतेचा संस्कार भिक्खूच्या पिंडपाताशी परिचित असलेल्या वाचकाला वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही.

तथापि गुणगान करीत सुटणे हाही एक प्रकारचा आळस आहे. डोंगऱ्या देवाच्या विधीची सूत्रे पुरुषांच्या हाती असतात. त्याच परिसरातील वारली समाजात लग्न लावण्याचा अधिकार मात्र धवलेरी या स्त्रीकडे असतो. ती गीते गाते, तिच्या गीतांवाचून लग्न लागत नाही, आणि लग्नाचा चौक सवाशिणी रेखतात. म्हणजे एकाच डोंगरात स्त्रीला दूर ठेवणारा संकेतही आहे आणि तिला पुरोहिताच्या आसनावर बसवणाराही. 'आदिवासी संस्कृती' असा एकच गठ्ठा बांधून त्याला नमस्कार करणारे आणि तोच गठ्ठा उचलून फेकणारे, दोघेही ही गुंतागुंत पाहत नाहीत. वाघदेवाला कोंबडा देण्याबद्दल आपल्यातील अनेकांना वाटणारी अस्वस्थताही मी समजू शकतो. परंतु दीघनिकायातील कूटदंत सुत्तात भगवान बुद्धांनी यज्ञाला निघालेल्या ब्राह्मणाची निर्भर्त्सना केली नाही; जीवहत्येवाचून यज्ञ कसा असू शकतो, याची एक जुनी कथाच त्याला सांगितली. आज शिवेवर कित्येक ठिकाणी नारळावर भागते. हा बदल कोणी हुकूम काढून घडवलेला नाही.

ज्या शाळेत कालाम सुत्त शिकवले जाते, तिथे या साऱ्या कथांना स्थान द्यावे काय? माझे उत्तर होकारार्थी आहे; किंबहुना तेथेच ते नीट देता येईल. केसपुत्त गावच्या कालामांची अडचण आपल्या विद्यार्थ्यांसारखीच होती. जो तो येऊन आपले मत खरे आणि इतरांचे खोटे असे सांगे. भगवान बुद्धांनी त्यांना सांगितले की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू म्हणतो म्हणून काही स्वीकारू नका. हा भाग आपल्या भाषणांतून नेहमी उद्धृत होतो. पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. एखादी गोष्ट आचरल्याने लोभ, द्वेष, मोह वाढतात की घटतात, अहित होते की हित होते, हे स्वतः पारखा आणि मग स्वीकारा वा सोडा. कसोटी परिणामाची आहे. परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, याचा अर्थ परंपरेने आले म्हणून टाकून द्या असा होत नाही.

ही कसोटी लावली की कणसरी आणि भुताळी यांतील भेद लख्ख दिसतो. दोन्ही धारणा त्याच डोंगरातल्या, कदाचित एकाच चुलीपाशी ऐकलेल्या. कणसरीची कथा लोभ आवरायला शिकवते. एखाद्या बाईला भुताळी ठरवणारी कथा द्वेषाला वाट करून देते. घरात मूल दगावले, जनावर मेले की बोट एकट्या, निराधार, बहुधा वृद्ध स्त्रीकडे वळते. पहिली राखायची आणि दुसरी मोडायची, यात कोणतीही तडजोड संभवत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. करणी केल्याचा, भूत लावल्याचा आरोप करून एखाद्याचे जगणे कठीण करणे या कायद्याने गुन्हा आहे. साप, विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा आहे. पावसाळ्यात सर्पदंशाच्या घटना घडणाऱ्या या तालुक्यात ही दोन कलमे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावीत, असे मी आग्रहाने म्हणेन. शिळेवरील नागाला हात जोडणारे मूल सर्पदंश होताच थेट ग्रामीण रुग्णालय गाठते, असे होण्यात मला कोणतीही विसंगती दिसत नाही.

कसोटी दुसऱ्यांच्या कथांना लावायची आणि आपल्या कथा पेटीत बंद ठेवायच्या, हेही योग्य नव्हे. जातकांत स्त्रियांविषयी अत्यंत अनुदार अशा काही कथा आहेत. त्या आज मुलामुलींच्या वर्गात कौतुकाने वाचता येणार नाहीत. या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिलेला पाठ आपल्यासमोर आहे. १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी गृहत्यागाच्या रूढ कथेला प्रश्न विचारला. वयाच्या २९ व्या वर्षापर्यंत सिद्धार्थाने वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहिलाच नसेल, हे बुद्धीला पटणारे नाही. म्हणून त्यांनी ती कथा बाजूला ठेवली आणि शाक्य व कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा केंद्रस्थानी आणला. कथा बदलताच तिचे नैतिक केंद्रही बदलले. एका राजपुत्राच्या व्यक्तिगत विषण्णतेऐवजी दोन समाजांचे युद्ध, पाण्यावरचा हक्क आणि त्यासाठी रक्त सांडण्यास दिलेला नकार, हा धम्माचा उगम ठरला. नार, पार आणि अंबिका या नद्या आपल्या डोंगरांत उगम पावतात, पश्चिमेला वाहून जातात, आणि उन्हाळ्यात इथल्या आयाबाया हंडे घेऊन उतरंडीवर उभ्या असतात. त्या मुलांना रोहिणीची कथा परकी कशी वाटेल?

कथेची शक्ती मान्य केली की तिचा धोकाही मान्य करावा लागतो. मोठी कथा लहान कथेला गिळते. याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणीच आहे. नाशिकजवळील त्रिरश्मी डोंगरातील लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरली गेली. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आणि गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री यांचे लेख तिथे दगडात कोरलेले आहेत. दाने कोणी दिली, कोणासाठी दिली, सारे तिथे लिहिलेले आहे. तरीही शतकानुशतके लोकांनी त्यांना पांडवलेणी म्हटले. भिक्खुसंघ विस्मृतीत गेला, लिपी वाचणारे कोणी उरले नाही, आणि रिकाम्या विहारांत महाभारतातील पात्रे येऊन राहिली. यात कोणा एका माणसाचा कट असेलच असे नाही. ऐकणारे नाहीसे झाले की कथा बेवारस होते, आणि बेवारस जागेवर जो बलवान असेल त्याचे नाव लागते.

नेमके हेच आज कणसरीच्या बाबतीत घडू लागले आहे. कणसरी म्हणजे आपली अन्नपूर्णाच, असे कोणीतरी सहज म्हणतो. म्हणणाऱ्याच्या मनात प्रेम असते, जोडून घेण्याची इच्छा असते. परंतु अन्नपूर्णा हातात पळी घेऊन देत राहते. कणसरी रुसते, निघून जाते. देणाऱ्या देवीपुढे माणूस कृतज्ञ होतो. रुसणाऱ्या देवीपुढे तो जबाबदार होतो. नाव बदलले की हा फरक पुसला जातो, आणि त्याबरोबर एका समाजाने शेकडो वर्षे जपलेला विचारही. बोहाड्याचे सूक्ष्म निरीक्षण केले तर दिसते की या समाजांनी बाहेरून आलेली पात्रे निर्बुद्धपणे उचलली नाहीत. गणपती, सरस्वती, मारुती, नरसिंह यांच्याबरोबर रावणाचाही मुखवटा टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर मानाने नाचतो. विशिष्ट सोंगे विशिष्ट घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या असतात. घेणारा आणि देणारा समान पातळीवर असताना झालेली ही देवघेव होती. आताच्या नामांतरात ती बरोबरी नाही.

इथे निवासी शाळांना, आपल्या विद्यालयासह, एक अप्रिय वास्तव मान्य करावे लागेल. आपण सहाव्या-सातव्या वर्षी मूल घरातून आणतो. जून ते एप्रिल ते वसतिगृहात असते. तेऱ्याचा सण आषाढात, नवे खाण्याचे दिवस भात कापणीच्या सुमारास, डोंगऱ्या देव मार्गशीर्षात, थाळीवरच्या कथा हिवाळ्यातल्या रात्रीच्या. वाघबारस तेवढी दिवाळीच्या सुट्टीजवळ येते म्हणून कधी मिळते. म्हणजे ज्या वयात कथा कानावर पडायच्या, त्या साऱ्या वर्षांत मूल आपल्याकडे पाठांतर करीत असते. ते शिकले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. शिक्षणाने या तालुक्यातील घरांना दिलेले बळ मी कमी लेखत नाही. परंतु त्याची किंमत आपण कधी मोजलीच नाही. शिवाय मूल येते ते कोकणी किंवा डांगी बोली घेऊन. इथे पहिल्या दिवसापासून प्रमाण मराठी. घरची गोष्ट घरच्या बोलीतच असते. बोली 'अशुद्ध' ठरली की गोष्टही अशुद्ध ठरते, आणि मूल गप्प बसायला शिकते.

ही केवळ भावनेची गोष्ट आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी एक व्यवहाराचा मुद्दा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमावलीतील १३ व्या नियमात दाव्यासाठी ग्राह्य पुराव्यांची यादी आहे. तीत शासकीय कागदांबरोबरच जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे यांसारख्या पारंपरिक खुणा आणि गावातील वृद्धांचे लेखी घेतलेले निवेदन यांचाही समावेश आहे. शिवेवरची वाघदेवाची शिळा हा कायद्याने मान्य केलेला पुरावा ठरू शकतो. तिची कथा सांगणारी आजी साक्षीदार ठरू शकते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या शेतकऱ्यांत सुरगाण्याची माणसे मोठ्या संख्येने होती, आणि वनजमिनीचा हक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती. ज्यांच्या आजोबांनी कोणत्या दगडाला काय म्हणून शेंदूर लावला हे नातवाला ठाऊक नाही, त्या घराचा पुरावा किती पातळ झाला, याचा विचार पालकांनी आणि शिक्षकांनीही करावा.

म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यालयापुढे एक सूचना ठेवतो. दर वर्षी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गावची एक तरी कथा लिहून आणावी. ती सांगणाऱ्याच्या बोलीतच लिहावी, सुधारून नव्हे. सांगणाऱ्याची संमती घ्यावी, वहीवर त्याचे नाव असावे, आणि एक प्रत गावात राहावी. कारण कथा त्या गावाची आहे, शाळेची नाही. के. जे. सावे यांनी १९४५ मध्ये वारल्यांवरचा ग्रंथ लिहिला तेव्हा लिहिणारा बाहेरचा होता आणि सांगणारा आतला. आता लिहिणारे आतलेच असू शकतात, हा फरक थोडा नव्हे. जिव्या सोमा मशे यांनी चौकातली चित्रे कागदावर आणली आणि २०११ साली पद्मश्रीपर्यंत मजल मारली. परंतु चित्रांच्या मागे असलेली गीते अजून धवलेरींच्याच कंठात आहेत, आणि नव्या धवलेरी फार थोड्या तयार होत आहेत.

वर्गात या कथांवर चर्चा व्हावी तेव्हा शिक्षकांनी निकाल सांगण्याची घाई करू नये. व्यग्घ जातक आणि वाघदेव एकाच तासाला शेजारी ठेवावेत. मुलांनीच ठरवावे की कोणती देवता शहाणी. भुताळीच्या गोष्टीही निघतील, त्या दडपू नयेत. कायदाही त्याच तासाला वाचावा.

राहिला प्रश्न थाळीवरच्या कथेचा. ती तासिकेत बसणारी नाही. पस्तीस मिनिटांत कथेकऱ्याची थाळी जेमतेम जुळते, मेण धरते, आणि घंटा होते. तिच्यासाठी मार्गशीर्षातली एक शनिवारची रात्र मोकळी ठेवावी लागेल. वसतिगृहाचे दिवे दहाला बंद करण्याचा नियम त्या रात्रीपुरता बाजूला ठेवावा लागेल. आणि कथेकरी बाबांना पाहुणे म्हणून नव्हे, गुरुजी म्हणून बोलवावे लागेल. मानधन शिक्षकाच्या मानधनाइतके असावे. पहाटे झोपी गेलेल्या लहान मुलांना कोणी उठवू नये. कथा ऐकता ऐकता झोप लागणे ही तिच्या घरातली जुनीच रीत आहे.